इंचभर तंतू, मैलभर सूत

वहीची दोन पानं फाडून ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली होती. डाव्या पानावर मुंबई सिटी एफसीचा २०१४चा संघ, उजव्या पानावर त्याच मुंबई सिटीचा २०२४चा. पुतण्याच्या हातात पेन्सिल दिली आणि सांगितलं, दोन्हीकडे सापडेल त्या नावाला रेघ ओढून जोड. शिंदखेड्यातली बाकीची पोरं क्रिकेटवाली. हा एकटाच फुटबॉलच्या मागे, तोही मोबाइलपुरता. मुंबईची टीम ही त्याची टीम. अंधेरीचं मैदान त्याने अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण निळा टी-शर्ट मात्र अंगावरून उतरत नाही.

पाच मिनिटांनी त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"काका, यामाईन येक बी नही."

मी पुन्हा तपासलं. खरंच, एकही रेघ नाही. दोन-तीन नावं तरी निघतील असं मला वाटलं होतं. एखादा गोलकीपर, एखादा जुना बचावपटू. डावं पान वाचलं की जुन्या पेपरांच्या क्रीडापानांचा गठ्ठा सोडल्यासारखं होतं : सुब्रत पाल, सय्यद रहीम नबी, दीपक मंडल, अभिषेक यादव, परदेशी म्हणाल तर स्वीडनचा फ्रेडी युंगबेरी, फ्रान्सचा निकोलस अनेल्का, जर्मनीचा मानुएल फ्रीडरिक, ब्राझीलचा आंद्रे मोरित्झ. उजव्या पानावर लालियानझुआला छांगते, फुर्बा लाचेन्पा, मेहताब सिंग, बिपिन सिंग, विक्रम प्रताप सिंग, ब्रँडन फर्नांडिस, जयेश राणे, तिरी, निकोस कारेलिस. बदलले ते फक्त खेळाडू नाहीत. प्रशिक्षक पीटर रीड होता, तो पेत्र क्रात्की झाला, आणि या दोघांच्या मध्ये आणखी पाच जण येऊन गेले. मैदान नेरूळच्या डी. वाय. पाटीलवरून २०१६मध्ये अंधेरीला आलं. मालकी रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांची होती; नोव्हेंबर २०१९मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने त्यातला ६५ टक्के हिस्सा घेतला.

मग पोराने जो प्रश्न विचारला, त्यावर माझी अख्खी दुपार गेली. माणसं वेगळी, कोच वेगळा, मैदान वेगळं, मालकही निम्म्याहून वेगळा, तर मग ही तीच टीम कशी?

आधी डाव्या पानाचं पाहू. ते पान विरघळण्यासाठीच लिहिलेलं होतं. इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम १२ ऑक्टोबर २०१४ला सुरू झाला आणि २० डिसेंबरला संपला. जेमतेम दहा आठवडे. आपल्याकडे कापूस वेचणीचा हंगामसुद्धा त्याहून लांबतो. भारतीय खेळाडू त्या दहा आठवड्यांपुरते यायचे आणि पुन्हा आय-लीगच्या क्लबांकडे जायचे. परदेशी खेळाडूंचं तर विचारूच नका. युंगबेरी ३७ वर्षांचा, अनेल्का आणि फ्रीडरिक ३५चे. नावं पाहून लोक मैदानावर यावेत, हा हिशेब. लोक आलेही. पहिल्या सामन्यात कोलकात्यात ०–३ असा मार खाल्ला, आणि आठवडाभराने पुण्याला ५–० हरवलं. त्यात मोरित्झने केलेली हॅट्ट्रिक ही लीगमधली पहिली हॅट्ट्रिक. पण हंगामाच्या शेवटी आठ संघांत मुंबई सातवी. तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी उतरायची मुभा होती. २०१७–१८पासून ती पाचवर आली, २०२१–२२पासून चारवर. म्हणजे नियमांनीच डाव्या पानावरच्या दोन जागा पुसून टाकल्या होत्या.

एवढ्यावर कोडं सुटलं असं वाटेल. पण या सगळ्याच्या खाली जे गणित चालू असतं, ते मला जास्त चकित करतं.

समजा, एका संघात पंचवीस खेळाडू आहेत आणि दर वर्षी त्यातले एकतृतीयांश जातात. हे काही फार नाही. तीन जागांमागे एक बदल. पहिल्या वर्षी साधारण सतरा जुने उरतील. दुसऱ्या वर्षी अकरा. पाचव्या वर्षी तीन. आणि दहाव्या वर्षी? दहा दोनतृतीयांश एकमेकांना गुणा : येतात शंभरातले पावणेदोन. पंचविसात अर्धा माणूसही नाही. कोणी रागावून गेला नाही, कोणाला काढून टाकलं नाही, मालकाने घोळ घातला नाही, तरी पान कोरं. दहा वर्षांनी दोन-तीन चेहरे ओळखीचे राहावेत असं वाटत असेल, तर वर्षाला पाचातला एकच जाऊ द्यावा लागतो. तिनातला एक आणि पाचातला एक, ऐकायला फरक किती किरकोळ! पण दहा वर्षांनी त्याच फरकाने एका संघात तीन जुने गडी उरतात आणि दुसऱ्यात कोणीच नाही. किरणोत्सारी धातूचा निम्मा भाग ठरावीक काळात विरून जातो, मग उरलेल्याचा निम्मा, असं आपण शाळेत शिकलो. खेळाडूंची यादीही तशीच विरते. तिनातला एक या वेगाने निम्मा संघ पावणेदोन वर्षांतच गेलेला असतो.

हा वेग ठरवतं कोण? थोडा कायदा, थोडे पाय. कायद्याचा भाग एका बेल्जियन खेळाडूने लिहिला, तो स्वतः फार मोठा खेळाडू नव्हता. ज्याँ-मार्क बोस्मान. त्याचा लिएज क्लबशी असलेला करार संपला होता, त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं, आणि क्लब पैशांसाठी अडवून बसला. प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात गेलं. १५ डिसेंबर १९९५ला निकाल लागला : करार संपला की खेळाडू मोकळा. त्यापूर्वी करार संपल्यावरही क्लब खेळाडूला दावणीला बांधून ठेवू शकत असे. आता खेळाडूचा करार फिफाच्या नियमाने जास्तीत जास्त पाच वर्षांचा. दहा वर्षं एकाच टी-शर्टात राहायचं तर दोन्ही बाजूंनी किमान एकदा पुन्हा 'हो' म्हणावं लागतं. आणि पायांचं म्हणाल, तर वाऱ्यासारखे पळणारे आधी संपतात, गोलकीपर सर्वांत शेवटी.

ते खरं की नाही हे पाहायला मी तिसरं पान घेतलं. भारताचा राष्ट्रीय संघ. इथे खरेदी-विक्री नाही, करार नाही, लिलाव नाही. फक्त वय, दुखापत आणि कोचची मर्जी. नशिबाने तुलनेसाठी सामनेही जवळजवळ जुळेच मिळाले. जानेवारी २०११ : कतारमध्ये आशियाई चषक, भारताचा पहिला सामना ऑस्ट्रेलियाशी, हार ०–४. जानेवारी २०२४ : पुन्हा कतार, पुन्हा आशियाई चषक, पुन्हा पहिला सामना ऑस्ट्रेलियाशी, हार ०–२. तेरा वर्षांचं अंतर. २०११च्या तेवीस जणांपैकी २०२४ला किती? दोन. एक सुनील छेत्री. दुसरा गुरप्रीत सिंग संधू, म्हणजे गोलकीपरच! २०११मध्ये तो अठरा वर्षांचा पोरगा होता, संघातला तिसरा गोलकीपर, पुढे सुब्रत पाल उभा असल्यामुळे मैदानात उतरायची वेळच आली नाही. गणित मांडलं तर हा संघ वर्षाला साधारण शंभरात सतरा या वेगाने बदलला. आपण मघाशी धरलेल्या तिनातला एक या वेगाच्या निम्म्या चालीने.

छेत्री मात्र कोणत्याच गणितात बसत नाही. जून २००५मध्ये क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध पहिला सामना, जून २०२४मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाचा, चौऱ्याण्णव गोल, आणि मार्च २०२५मध्ये हा गडी निवृत्ती मोडून परत मैदानात! अशी माणसं सरासरीला जुमानत नाहीत.

यादी म्हणजे कोण कुठे होतं याची नोंद, पण ती एकाच दिवसाची. दोन दिवसांच्या मध्ये किती काय काय घडून जातं ते राहुल भेकेकडे पाहिलं की कळतं. हा खेळाडू मुंबईचा. २०१४च्या पानावर तो नाही, २०२४च्या पानावरही नाही. म्हणजे आमच्या पेन्सिलीच्या दृष्टीने हा माणूस मुंबई सिटीत कधी नव्हताच. प्रत्यक्षात १७ मार्च २०१९ला अंधेरीच्याच मैदानावर, स्वतःच्या गावात, त्याने जादा वेळेत गोव्याविरुद्ध गोल करून लीगचा अंतिम सामना जिंकून दिला, पण बंगळुरूला. २०२१मध्ये तो मुंबई सिटीत आला. ११ एप्रिल २०२२ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई ०–१ने मागे होती. दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली आणि पाच मिनिटांत भेकेने कॉर्नरवर डोकं लावलं. २–१. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब मुंबईचा, आणि विजयी गोल मुंबईकराचा. मे २०२४मध्ये मोहन बागानला त्यांच्याच घरात ३–१ हरवून मुंबईने लीगचा चषक जिंकला, तेव्हा कर्णधार तोच. त्या उन्हाळ्यात तो बंगळुरूला परत गेला. उजवं पान त्यानंतरचं.

म्हणून मी पुतण्याला म्हटलं, दोन पानांवर भागायचं नाही. मधली नऊ पानंही लिही. तो वैतागला, पण त्याने लिहिली. आता रेघ ओढायची ती पहिल्या पानावरून शेवटच्या पानावर नव्हे, या पानावरून शेजारच्या पानावर. आणि तेव्हा जे निघालं त्याने आम्ही दोघेही गप्प झालो.

२०१४चा गोलकीपर सुब्रत पाल २०१५लाही मुंबईत होता. २०१५ला लिलावात एक कोटी वीस लाखांना सुनील छेत्री मुंबईकडे आला. म्हणजे पाल आणि छेत्री एका ड्रेसिंग रूममध्ये बसले. छेत्री २०१६लाही होता, दिएगो फोरलानच्या सोबत, आणि त्याच वर्षी गोलकीपर अमरिंदर सिंग आला. अमरिंदर २०२१पर्यंत राहिला. १३ मार्च २०२१ला फातोर्ड्यात मुंबईने पहिल्यांदा चषक जिंकला तेव्हा तोच कर्णधार. त्या सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला विजयी गोल करणारा बिपिन सिंग क्लबमध्ये आला होता २०१८ला. आणि बिपिन आमच्या उजव्या पानावर आहे.

पाल, छेत्री, अमरिंदर, बिपिन. चार माणसं. २०१४पासून २०२४पर्यंत सगळा पल्ला चौघांनी एकमेकांना हात देत पार केला. पहिला चौथ्यासोबत मुंबईसाठी कधीच खेळला नाही. पण प्रत्येक जण पुढच्यासोबत खेळला. कोणता कोच काय ओरडतो, पंचेचाळिसाव्या मिनिटाला आत गेल्यावर कोण कुठल्या कोपऱ्यात बसतं, हरल्यावर बसमध्ये गप्प राहायचं की बोलायचं, हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं. ते शेजारी बसूनच पुढच्याकडे जातं.

ओट्यावर वेचून आणलेला कापूस पडला होता. मी एका बोंडातली चिमूटभर रुई घेतली, सरकी काढली आणि तंतू ओढून पोराच्या तळहातावर ठेवला. इंचभर, फार तर सव्वा इंच. याहून लांब तंतू आपल्या शेतात येतच नाही. आणि याच कापसाचं गिरणीत निघणारं सूत मैलोन्मैल लांब. त्या सुतात या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा एकही तंतू नसतो. जोर कुठल्या तंतूत नाही. तो आहे एक तंतू दुसऱ्याला जितक्या लांबीत बिलगून राहतो तेवढ्या भागात, आणि पिळात. चिमटीत धरून नुसती रुई ओढा, सुटून येते. तीच पीळ देऊन ओढा, बोट कापायची वेळ येते. पोराने दोन्ही करून पाहिलं. दुसऱ्या वेळी तोंड वाकडं केलं.

आता तिनातला एक आणि पाचातला एक यातला फरक नुसता आकड्यांचा राहत नाही. फार वेगाने माणसं बदलली तर तंतू एकमेकांना बिलगायच्या आतच निसटतात. २०१४चा दहा आठवड्यांचा हंगाम तसाच होता. म्हणूनच एवढी मोठी नावं असून संघ सातवा. २०२०मध्ये फुर्बा, मेहताब, विक्रम प्रताप आले आणि राहिले, तेव्हा कुठे सुताला पीळ बसला. त्यानंतरच्या चार हंगामांत मुंबईने दोनदा चषक आणि दोनदा लीग विजेत्याची ढाल जिंकली. पैसा आला, परदेशी कोच आला, हेही खरं. पण पैसा २०१४लाही कमी नव्हता.

माणसं बदलली तरी टीम तीच कशी, हे कोल्हापुरात कोणाला समजवावं लागत नसेल. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, हे तिथले पेठांचे फुटबॉल संघ. तिथे खेळाडू बाहेरून येवोत, अगदी आफ्रिकेतून येवोत, पेठ जागची हलत नाही. मुंबई सिटीला अशी पेठ नाही. उजव्या पानावरचा तिचा कर्णधार छांगते मिझोरममधल्या लुंगलेईचा, गोलकीपर फुर्बा सिक्कीमचा, आणि तिच्यासाठी रात्री जागणारा एक पोरगा शिंदखेड्याच्या बुराई नदीच्या काठचा. डावं पान लिहिलं गेलं तेव्हा छांगते सतरा वर्षांचा होता. पुढे पुण्याच्या डीएसके शिवाजियन्समध्ये त्याने धार लावून घेतली. विक्रम प्रताप २०१४ला बारा वर्षांचा.

तुमच्या शाळेच्या कबड्डी संघावर, गावच्या भजनी मंडळावर, गणपती मंडळाच्या कार्यकारिणीवर हे करून बघा. दहा वर्षांपूर्वीची यादी आणि आजची यादी, आणि मधली सगळी पानं. किती माणसांत साखळी पुरी होते ते मोजा.

आमच्या साखळीतला शेवटचा, बिपिन सिंग, २०२५मध्ये ईस्ट बंगालला गेला. तोवर फुर्बा आणि विक्रम प्रताप त्याच्या शेजारी पाच हंगाम बसून झाले होते.