माळ्यावरचा संगणक, चहाच्या कपावर

डोंबिवली-ठाण्याच्या घरांत माळा आवरताना एखादा झेडएक्स स्पेक्ट्रम हाती लागला, तर फेकू नका. 1982 सालचं हे यंत्र: काळं अंग, रबरी बटणं, उजव्या कोपऱ्यात इंद्रधनुषी पट्टा. त्याचा फोटो कपावर छापला, तर तो पट्टा फार देखणा दिसतो.

फोटो गॅलरीतल्या सकाळच्या उजेडात काढा. फ्लॅशने बटणं चकाकतात. तो जुन्या काचेच्या टीव्हीला जोडून गेम चालू असेल, तर फोटोत काळे पट्टे येतात, कारण आपल्याकडचा तो पडदा सेकंदाला 50 वेळा रंगतो. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर 1/25 सेकंद ठेवा आणि फोन स्टँडवर टेकवा.

नुसतं गेमचं चित्र छापायचं असेल, तर मूळ आकार 256 बाय 192 पिक्सेल. ते बरोबर आठपट वाढवा, म्हणजे 2048 बाय 1536. 300 डीपीआयला सुमारे पावणेसात इंच रुंदी मिळते. वाढवताना 'नीअरेस्ट नेबर' निवडा, नाहीतर चौकोनांच्या कडा विरघळतात, आणि त्या चौकोनांतच तर सगळी गंमत आहे.

कप छापण्याच्या सब्लिमेशन पद्धतीत पांढरी शाई नसते. कपावरचं पांढरं म्हणजे कपाचाच रंग. म्हणून काळ्या टी-शर्टसाठी डीटीएफ छपाई सांगा आणि पार्श्वभूमी काढलेली पीएनजी द्या. स्टेशनजवळच्या छपाईवाल्याला फाइल व्हॉट्सॲपवर पाठवाल, तेव्हा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की ती आकसते. आधी एकच कप छापून बघा.