कमी चाललेल्या जुन्या गाडीचे स्पार्क प्लग कधी बदलायचे?

भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, कुठंही जा, घरासमोर कापड झाकलेली एखादी जुनी पेट्रोल गाडी दिसतेच. मारुती ८००, झेन, अल्टो, सँट्रो. वय पंधरा-अठरा वर्षं, पण मीटर पाहिलं तर जेमतेम ३५-४० हजार किलोमीटर. अब्बांनी हौसेनं घेतलेली. मुलं मोटारसायकलनं फिरतात, गाडी निघते ती ईदला, लग्नाला, नाहीतर रात्री अचानक पेशंटला नागपूरला न्यायचं असेल तेव्हा. भंडाऱ्याहून नागपूर साधारण ६० किलोमीटर. अशा रात्री गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायला पाहिजे आणि वाटेत झटके द्यायला नको. म्हणून आज आपण प्लगचा हिशोब समजून घेऊ. (डिझेल गाडीवाल्यांनी हा लेख सोडला तरी चालेल, तिथं स्पार्क प्लग नसतो.)

प्रश्न नेहमी असा येतो: किलोमीटर धरायचे की वर्षं?

प्लगची झीज ठिणगीमुळं होते. दर ठिणगीला मधल्या टोकाचा धातू कणाकणानं उडतो, टोकाची धार जाते, दोन टोकांमधली फट वाढते. फट वाढली की ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि त्याचा ताण इग्निशन कॉइलवर येतो. प्लग स्वस्त, कॉइल महाग. साधा निकेलचा प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर चालतो, इरिडियमचा जवळपास १ लाख. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत असतो, तोच खरा. सीएनजी किट असेल तर प्लग लवकर झिजतात, कारण गॅस पेटवायला जास्त जोराची ठिणगी लागते.

म्हणजे उभ्या गाडीचा प्लग झिजत नाही, हे खरं. पण तो खराब होतो, तो वेगळ्या कारणानं. प्लगचं टोक साधारण ४५०-५०० अंशांच्या वर तापलं तरच त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. घरून बाजार आणि बाजारातून घर, एवढ्यात इंजिन नीट तापतच नाही. कार्बन साचतो आणि वीज ठिणगी न पाडता त्या काजळीवरून निसटून जाते. शिवाय वर्षानुवर्षं न उघडलेला प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये जाम होतो, आणि काढताना आटे निघाले तर खर्च कुठल्या कुठं जातो. वायरींच्या टोकाचं रबर कडक होऊन तडकतं. धानाचा जिल्हा असल्यानं उंदरांचं तर विचारूच नका. पावसाळ्यात ते बॉनेटखाली घर करतात आणि वायरी कुरतडतात.

इथं एक सवय सांगायलाच हवी. बरेच जण रोज सकाळी गाडी पाच मिनिटं जागेवर सुरू ठेवतात आणि बंद करतात. प्लगसाठी याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही, आणि बॅटरीही धड भरत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा लाखनीच्या रस्त्यानं अर्धा तास चालवून आणा.

आता निर्णय. प्लग कधी बदलले हे घरात कोणालाच आठवत नसेल तर इंजिन थंड असताना मिस्त्रीकडून एक प्लग काढून घ्या आणि स्वतः पाहा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे छोट्या फेऱ्या, किंवा पेट्रोल जास्त जातंय; एअर फिल्टर पण पाहून घ्या. ओलं, तेलकट काळं असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल उतरतंय, तिथं नुसता प्लग बदलून भागणार नाही. पांढरंफटक, फोड आल्यासारखं टोक म्हणजे इंजिन जास्त तापतंय. चिनी मातीला तडा असेल तर प्लग थेट फेकायचा. मात्र बाहेरच्या बाजूला लोखंडाजवळ तपकिरी डाग दिसला तर घाबरू नका, तो दोष नव्हे.

मिस्त्री म्हणेल, पॉलिश पेपरनं घासून देतो. साध्या प्लगची काजळी तशी निघते, काही दिवस बरंही वाटतं, पण गेलेली धार परत येत नाही. इरिडियमला तर घासू देऊच नका, त्याचं टोक बारीक आणि ठिसूळ असतं.

आमचं मत असं: निकेलचे प्लग असतील आणि पाच-सहा वर्षांत हात लागला नसेल, किंवा धार गोल झाली असेल, तर किलोमीटर न मोजता पूर्ण सेट बदला. मारुती ८०० ला तीनच लागतात, सँट्रोला चार. इरिडियम असतील तर उगाच बदलू नका, फक्त एकदा काढून, पाहून परत बसवा.

बसवताना उभं राहून पाहा. आधी प्लगच्या खळग्यातली धूळ हवेनं उडवायची. वायरी एकेक करूनच काढायच्या, नाहीतर क्रम चुकतो. आटे हातानं बसवायचे, पाना नंतर. वॉशरवाला नवा प्लग हातानं घट्ट झाल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे. पुस्तिकेत लिहिलेल्याच नंबरचा प्लग घ्या.

आणि सकाळी सेल्फ नुसता कुरकुरत असेल तर प्लगच्या आधी बॅटरी तपासून घ्या. उभ्या गाडीत बहुतेक वेळा तीच उतरलेली असते.