सलाईनची बाटली आणि रुग्णाचे समाधान

"डॉक्टरसाहेब, इतक्या लांबून आलो अन् नुस्त्या गोळ्या? एक सलाईन तर लावा की!" चाकूर भागात वैद्यकी करणाऱ्या कोणालाही हे वाक्य नवीन नाही. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर जुलाबाच्या रुग्णाला तपासून जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी देतो, तेव्हा 'इथं काहीच करत नाहीत' म्हणत नातेवाईक त्याला खासगीत नेतात आणि पैसे मोजून बाटली लावून घेतात. रुग्ण खूश, घरचेही खूश. पण समाधान झाले म्हणजे उपचार योग्य झाला, असे नव्हे.

त्या बाटलीत असते तरी काय? अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. चमचाभरही नाही. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर. ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त ताकद असते!

1971 साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज घातलेले पाणी रुग्णांना पाजण्यास सुरुवात केली. शेकडा 30 च्या आसपास असलेले मृत्यू शेकडा 4 च्याही खाली आले. आपल्याकडे मोफत मिळणारी पुडी ती हीच.

तरुणपणी मीही लोकांच्या हट्टापुढे नमलो आहे. एका आजीबाईंना 'अशक्तपणा' म्हणून मुलांनी बाटली लावायला लावली. त्यांचे हृदय कमकुवत आहे, हे मी नीट तपासले नव्हते. बाटली निम्मी संपते न संपते तोच त्यांना धाप लागली. फुप्फुसांत पाणी साचले होते. सलाईन बंद करून लघवीचे इंजेक्शन दिले, रात्रभर उशाशी बसलो. त्या वाचल्या. मुलांनी जाताना माझे आभार मानले. चूक माझीच होती, हे मी त्यांना सांगितले नाही. ते अजून बोचते.

सुईचा धोका वेगळाच. गुजरातेत मोडासा येथे 2009 मध्ये वापरलेल्याच सिरिंज पुन्हा वापरल्याने 'ब' प्रकारच्या काविळीची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. इंजेक्शन खरोखर लागणारच असेल, तर नवी सिरिंज आपल्यासमोर फोडायला सांगावी. डॉक्टर रागावला तरी चालेल.

सलाईन लागत नाही असे मात्र नाही. उलटी थांबत नाही, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, रुग्ण सुस्त पडला, मूल पाणीही पीत नाही, अशा वेळी ती जीव वाचवते आणि तेव्हा उशीर करू नये. एरवी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पुडी घालावी, चोवीस तासांत संपवावी, उरले तर फेकावे. लहान मुलांना सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने 14 दिवस झिंक द्यावे, अंगावरचे दूध तोडू नये. रुग्णालयात न्यायची वेळ आलीच, तर तो शुद्धीवर असल्यास वाटेतही चमच्याचमच्याने पाजत राहावे.