हंगामापायी लेकराचं ऑपरेशन लांबवू नका



या पानावर मी एरवी द्राक्षावरचा डाऊनी किंवा उसातली हुमणी यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा आहे, पण तोही तुमच्या घरातलाच आहे.

फळछाटणीच्या वेळी तासगाव भागातल्या एका बागेत गेलो होतो. मालकाच्या तीन वर्षांच्या मुलाच्या जांघेत गाठ होती. पोरगं रडलं की ती फुगायची. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. वडील म्हणाले, "साहेब, एवढा माल निघू द्या, मग बघू." छाटणीपासून माल निघेपर्यंत चार-साडेचार महिने जातात. डाऊनीची फवारणी आपण चार दिवस लांबवत नाही, मग लेकराचंच का लांबवायचं?

मुलांच्या जांघेतला हर्निया म्हणजे पोटातून खाली आलेली एक वाट जन्मतः उघडी राहिलेली असते. त्या वाटेने आतडं खाली उतरतं. औषधाने, पट्ट्याने किंवा मंतरलेल्या दोऱ्याने ती बुजत नाही. गाठ कडक झाली, आत जाईना, पोर कळवळून रडू लागलं, उलट्या झाल्या, तर आतडं अडकलं असं समजा. अशा वेळी रात्र असली तरी दवाखाना गाठा. बेंबीची गाठ मात्र पुष्कळदा वयाबरोबर आपोआप बसते. कोणती गाठ कसली, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दुभंगलेल्या ओठाचंही तसंच. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून ओठ फाटला, असं अजून बोललं जातं. हे खरं नाही. त्या माउलीला बोल लावू नका. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांत करतात. टाळूला उशीर झाला तर बोलणं नाकातून येत राहतं.

मी केलेल्या दोन चुका

माझ्या मुलाचं हेच हर्नियाचं ऑपरेशन तो चार वर्षांचा असताना झालं. पहिली तारीख हुकली. सकाळी उपाशी ठेवायला सांगितलं होतं. "लेकरू कोमेजलं" म्हणून आजीने गुपचूप बिस्कीट दिलं आणि ऑपरेशन पुढे गेलं. चूक आजीची नव्हे, माझी. उपाशी का ठेवायचं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. भुलीत पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, त्यात जिवाला धोका असतो. सर्वसाधारणपणे जेवण आणि गाई-म्हशीचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी. पाणी कधीपर्यंत द्यायचं ते डॉक्टर सांगतील. सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका.

दुसरी चूक मोठी. "मिरजेला रेल्वे बघायला जाऊ" असं सांगून मी त्याला नेलं. सुई दिसली तेव्हा त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून विसरलो नाही. पुढे कित्येक दिवस तो माझ्याबरोबर एस.टी.त बसेना. म्हणून सांगतो, लेकराला फसवू नका. एक-दोन दिवस आधी साध्या शब्दांत सांगा, "डॉक्टर तुला झोपवतील, गाठ काढतील, उठशील तेव्हा थोडं दुखेल, आम्ही बाहेरच असू." बाहुलीला पट्टी बांधून खेळा. रोजची गोधडी, खेळणं बरोबर घ्या. "रडलास तर डॉक्टर सुई टोचतील" अशी भीती घालू नका.

थिएटरच्या दारात आई-बापाचा धीर सुटतो, तो साहजिक आहे. पण पोर आपल्या तोंडाकडे बघत असतं. भुलीतून उठताना मूल गोंधळतं, आपल्यालाही ढकलतं. घाबरू नका, दोघांपैकी एकाने हात धरून बसावं. घरी आल्यावर काही दिवस अंथरूण ओलं होईल, रात्री दचकेल. रागावू नका.

खर्च आणि गावाची जबाबदारी

डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारलं. तेव्हापासून लांबलांबचे रुग्ण मिरजेला येत आले. आज सातारा, कराड, सांगली, मिरज इथे सोयी आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतं. त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत दवाखान्यात ठरलेल्या शस्त्रक्रिया मोफत होतात. रेशनकार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला बरोबर घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. फोन १५५३८८.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही विनंती आहे. जन्मदाखला अडवून ठेवू नका. पथकाने पुढे पाठवलेली मुलं दवाखान्यात पोचली का, हे अंगणवाडीताईंकडे विचारा. शेजाऱ्यांनी वॉर्डात गर्दी करण्यापेक्षा त्या घरची धार काढावी, पाण्याची पाळी सांभाळावी.

तासगावच्या त्या बागाईतदाराच्या भावकीने फवारणीचं काम वाटून घेतलं आणि बापलेक दवाखान्यात गेले. निघताना मुलगा मला म्हणाला, "माझी गाठ काढायचीय." त्याला सगळं सांगितलेलं होतं.