झाडाचे कूळ, लाकडाचे मोल

२०२३च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून सागाचे लाकूड अयोध्येच्या राममंदिरासाठी वाजतगाजत निघाले. त्याच वर्षी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनातही नागपूरहून गेलेला साग आहे. इंग्रजी अमदानीत ‘सी. पी. टीक’ (मध्य प्रांताचा साग) म्हणून नावाजलेला हा माल आजही आलापल्लीचे, बल्लारशाचे नाव सांगून विकला जातो. व्यापाऱ्याला जंगलाचे नाव सांगावे लागते, कारण साग एकच असला तरी सगळीकडचे लाकूड एक नसते. रंग, रेषा, वजन, टिकाऊपणा, खोडाचा सरळपणा, सगळ्यांत फरक पडतो. त्यात मातीपाण्याचा वाटा किती आणि वंशाचा किती? विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने हा थेट पैशाचा प्रश्न आहे.

उत्तर शोधण्याची रीत साधी, पण वेळखाऊ आहे. ठिकठिकाणच्या जंगलांतले बी आणून एकाच जमिनीत शेजारी शेजारी लावायचे. माती तीच, पाऊस तोच. मग उरलेला फरक बहुतांशी रक्ताचा. साग मुळात भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चारच देशांचा. भारतात अशा चाचण्या १९३०च्या सुमारास सुरू झाल्या. १९७०च्या दशकात डेन्मार्कच्या पुढाकाराने असेच ठिकठिकाणचे बी आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेतल्या अनेक देशांत लावून पाहिले गेले.

या चाचण्यांतून हाती आलेली एक गोष्ट फार मोलाची आहे. सागाचा फुलोरा शेंड्यावर येतो. पहिला फुलोरा आला की शेंड्याची वाढ थांबते आणि खोडाला फाटे फुटतात. कोवळ्या वयात फुलणारे झाड आखूड सोटाचे राहते. उशिरा फुलणारे उंच, सरळ ओंडका देते. फुलण्याचे हे वय बऱ्याच अंशी वंशाने ठरते. म्हणजे फर्निचरला लागणारा लांब, बिनफांदीचा सोट मिळणार की नाही, याचा निम्मा निकाल बी वेचतानाच लागलेला असतो.

लाकडाच्या घनतेवरही वंशाची पकड घट्ट असते. घेराचे तसे नाही. तो जमीन, पाणी आणि विरळणीनुसार पुष्कळ बदलतो. ‘भराभर वाढला की साग पोचट होतो’ हा समज केरळमधील पीचीच्या वन संशोधन संस्थेतल्या अभ्यासांनी ढिला केला. चांगली वाढ आणि चांगले लाकूड एकाच झाडात सापडू शकतात. फक्त ती झाडे शोधावी लागतात. कोवळ्या सागात नार, म्हणजे वाळवीला दाद न देणारा सोनेरी गाभा, कमी आणि बाहेरचे पांढरे लाकूड जास्त असते. हा गाभा लवकर धरणारी कुळे निवडणे हे पुढचे मोठे काम आहे.

निवड करताना जंगलातले सर्वांत उंच, सरळ, निरोगी झाड हेरतात आणि त्याचा डोळा रोपावर भरतात. अशा कलमांची बाग म्हणजे बीजोद्यान. तिथेही अडचण येते. वेगवेगळ्या भागांतली कलमे एकाच वेळी फुलत नाहीत. परागीकरण हुकते आणि बी कमी धरते.

बाभळीच्या बाबतीत तर शेतकऱ्याची नजर शास्त्राच्या आधी पोचली होती. तेलिया बाभळीचे खोड सरळ, लाकूड चिवट. बंडीची चाके, वखर, तिफण यांसाठी तिचाच मान. कौडिया बाभूळ आखूड, खडबडीत सालीची. तिचे लाकूड हलके समजले जाते. रामकाठी वर खराट्यासारखी सरळ जाते, सावली कमी पाडते, म्हणून धुऱ्यावर तिला जागा मिळते. वनस्पतिशास्त्रानेही पुढे बाभळीच्या अशा पोटजाती वेगळ्या मानल्या. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत एके काळी राखलेली बाभूळबने होती. ती गेली, तसे चांगल्या बियाचे आयतेच भांडारही गेले.

आपला शेतकरी संत्र्याचे रोप घेताना विचारतो: डोळा कोणत्या झाडाचा, खुंट जंबेरीचा आहे का? संत्र्याला फळ चार-पाच वर्षांत येते. तीस वर्षे धुऱ्यावर उभ्या राहणाऱ्या सागाच्या कुळाची मात्र चौकशी होत नाही. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीचे वार्षिक उद्दिष्ट २ कोटींवरून ३३ कोटींवर गेले. चर्चा आकड्यांची झाली. बी कोणत्या जंगलातले, हे फारसे कुणी विचारले नाही.

ते विचारायला हवे, आणि विचारायला दूर जावे लागत नाही. वनखात्याचे मुख्यालय, १९७४ साली स्थापन झालेले वनविकास महामंडळ आणि कृषी महाविद्यालय ही सगळी नागपुरातच आहेत. सागजडी, म्हणजे लागवडीसाठीचा मूळ-खोडाचा तुकडा, घेताना तिचे बी आपल्यासारख्याच उन्हापावसातल्या जंगलाचे आहे का, हे पाहावे. केरळच्या ओल्या जंगलात जोमाने वाढलेल्या सागाला आपला आठ महिन्यांचा कोरडा काळ मानवेलच असे नाही. टिश्यू कल्चरची रोपे घ्यायची तर मातृवृक्ष कुठला आणि किती वयाचा, हे लेखी मागावे. सगळे शेत एकाच झाडाच्या नकलांनी भरू नये. एका रोगाने सगळेच जाऊ शकते.

जुनी झाडे राखणे हाही याच कामाचा भाग आहे. गडचिरोलीतले ‘वनवैभव आलापल्ली’ २०१४ साली राज्याचे पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरले. तिथला म्हातारा साग विदर्भाचे ऊन-दुष्काळ सोसून टिकलेला आहे, आणि ती सोसण्याची ताकद त्याच्या बियात आहे. पुढच्या पिढीला चांगले लाकूड हवे असेल, तर अशी झाडे कुऱ्हाडीपासून वाचवली पाहिजेत आणि त्यांचे बी रोपवाटिकेपर्यंत नावानिशी पोचले पाहिजे.