धर्माची गाय आणि तिचे दात

धर्मार्थ मिळालेल्या गाईचे दात पाहू नयेत, असा आपल्याकडे संकेत आहे. मुक्त सॉफ्टवेअरला मात्र तो लागू पडत नाही. ज्याची घडण वाचण्याची, बदलण्याची व इतरांस देण्याची मोकळीक प्रत्येकास असते, ते मुक्त सॉफ्टवेअर होय. येथे दात पाहणे हा वापरणाऱ्याचा अधिकार तर आहेच, शिवाय त्यावर सर्वांची सुरक्षितताही अवलंबून असते. प्रश्न एवढाच की, ते कसे पाहावेत? 'एक्सझेड' या साधनाची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे.

माहितीचा आकार आटोपशीर करणारे हे साधन लिनक्स प्रणालीच्या असंख्य संगणकांत असते. अनेक वर्षे त्याची देखभाल मुख्यत्वे एकच गृहस्थ विनावेतन करीत असत. २०२२ साली काही जणांनी त्यांच्यावर जाहीर टीका आरंभिली. काम रेंगाळले आहे, ते दुसऱ्याकडे सोपवावे, असा तिचा सूर होता. अमुक ठिकाणी अमुक चूक आहे, असा निर्देश तीत नव्हता. हे काम आपण मोबदल्याविना, छंद म्हणून करतो व आपली शक्ती मर्यादित आहे, असे त्या गृहस्थांनी सांगूनही तगादा थांबला नाही.

त्याच काळात 'जिया टॅन' हे नाव धारण करणारा एक सहायक दुरुस्त्या पाठवीत होता. क्रमाक्रमाने देखभालीचे अधिकार त्याच्या हाती आले. पुढे २०२४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत प्रसिद्ध झालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत परक्या संगणकात शिरण्याचा एक चोरदरवाजा बसविला गेला. तगादा लावणारी नावेही बनावट असावीत, असा अनेक जाणकारांचा तर्क आहे.

हा डाव उघडकीस आला तो एका चिकित्सक वापरणाऱ्यामुळे. पोस्टग्रेस या डेटाबेसचे एक रचनाकार अँड्रेस फ्रॉइंड यांना आपल्या संगणकात दुरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे आढळले. त्यांनी चिकाटीने कारणाचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी आवृत्ती, लक्षणे व पुरावे यांसह आपले निवेदन प्रसिद्ध केले. जे उलगडले नव्हते, तेही त्यांनी स्पष्ट नमूद केले. सदोष आवृत्त्या तोवर बहुतांशी चाचणीच्या संचांतच पोहोचल्या होत्या. त्या त्वरित मागे घेण्यात आल्या.

येथे टीकेचे दोन प्रकार समोर येतात. एकाने माणसाला धारेवर धरले, दुसऱ्याने दोषाला. सौजन्य म्हणजे टीकेस मनाई नव्हे. कोणती आवृत्ती, काय केले, काय अपेक्षित होते व काय घडले, हे नीट सांगणे हेच येथील सौजन्य. रचनाकारांवरही हे बंधन आहेच. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या कठोर भाषेबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ कामातून रजा घेतली होती. त्यांनी सदोष काम नाकारण्याचे मात्र सोडले नाही, आणि ते योग्यच झाले.