जुना स्कोप पारखताना

रायफलवर बसवायची जुनी दुर्बीण, नेमबाजांच्या बोलीतला स्कोप, विकत घेण्याआधी तो कोणत्या स्पर्धेत चालतो हे पाहावे लागते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या प्रकारांत भिंगांची साइट चालत नाही. बालेवाडीच्या रेंजवर सराव केलेल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले, ते पीप साइटच्या बारीक भोकातून पाहूनच. स्कोप चालतो तो बेंचरेस्ट, फील्ड टार्गेट आणि रनिंग टार्गेटमध्ये. त्यातही १० मीटर रनिंग टार्गेटला चौपटीची मर्यादा आहे. ऑलिंपिक प्रकार खेळणाऱ्याने स्कोपचे पैसे चांगल्या पीप साइटवर घालावेत.

जुन्यातही टार्गेटसाठीच बनलेले, एकाच पॉवरचे स्कोप शोधावेत. वीव्हरची टी मालिका, ल्युपोल्डचा ३६ एक्स, रेडफिल्डचा ३२०० ही त्यातली ओळखीची नावे. झूम नसल्यामुळे आत हलणारे भाग कमी, म्हणून बिघडायलाही कमी. त्याआधीच्या युनर्टल स्कोपमध्ये तर नेम जुळवण्यासाठी आत काहीच हलत नाही. मायक्रोमीटरसारखे स्क्रू बाहेर माउंटमध्ये असतात आणि अख्खी नळीच सरकते. मायक्रोमीटर रोज हाताळणाऱ्याला असा स्कोप न शिकवता समजतो.

अशी माणसे तळवड्यात गल्लोगल्ली सापडतात. पिंपरी-चिंचवडच्या या टोकाला, देहू आणि चिखलीच्या मध्ये, वाहन कारखान्यांसाठी जॉबवर्क करणारे गाळे आहेत. त्यांतल्या एखाद्या गाळ्यात सरफेस प्लेट, व्ही-ब्लॉक आणि व्हर्निअर असले की जुन्या स्कोपची निम्म्याहून अधिक परीक्षा गोळी न झाडता होते. विकणारा नेहमी काचेचे कौतुक करतो. पण टार्गेटवरचे गुण जातात ते बहुधा काचेमुळे नव्हे, तर फिरवलेले डायल आत इमानदारीने न पोचल्यामुळे.

पहिली चाचणी व्ही-ब्लॉकची. माउंट काढून नळी दोन ब्लॉकवर ठेवायची, लांबच्या भिंतीवरच्या एका खुणेवर क्रॉसहेअर आणायचे आणि नळी जागच्या जागी पूर्ण फिरवायची. क्रॉसहेअर खुणेभोवती वर्तुळ काढू लागले तर ते मध्यावर नाही. फोर-जॉ चकमध्ये जॉब सेंटर करताना डायलवर दिसलेल्या फरकाच्या निम्मा काढतात, तसाच इथेही दोन्ही टरेटवरून, म्हणजे नेम जुळवायच्या डायलवरून, निम्मा काढायचा. वर्तुळ मिटले की तिथून दोन्ही बाजूंना क्लिक मोजायचे. एका बाजूला ते फारच कमी भरले तर आतली नळी कुठे तरी अडकते आहे किंवा स्कोप कधी तरी पडला आहे. क्लिक करकरत असतील, मध्येच एखादा गिळला जात असेल, तर मोजणी तिथेच थांबवावी.

दुसरी चाचणी खरी. सॉफ्ट जॉ लावून स्कोपचे माउंट व्हाइसमध्ये हलकेच पकडायचे, नळीवर दाब येऊ द्यायचा नाही. समोर बरोबर ५० मीटरवर आलेख कागद लावायचा. एवढे अंतर गाळ्यात मिळत नाही. गल्लीत ते मिळते, पण ट्रक उभे नसतील तेव्हा. म्हणून गुरुवार बरा, तो या औद्योगिक पट्ट्याचा सुट्टीचा वार. एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, ५० मीटरवर १४.५ मिलिमीटर भरतो. अष्टमांश मिनिटाच्या स्कोपचा एक क्लिक १.८ मिलिमीटरचा, आणि ४० क्लिकना क्रॉसहेअर ७२.७ मिलिमीटर सरकायला हवे. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, हे लक्षात घेतले की एका चुकार क्लिकची किंमत कळते.

४० वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे असा चौकोन पुरा करून क्रॉसहेअर मूळ चौकटीत परतले पाहिजे. टरेट ‘वर’ फिरवल्यावर कागदावर क्रॉसहेअर खाली जाते. तो दोष नाही. दोष दिसतो तो परतीच्या वाटेवर. आतल्या नळीला टरेटशी दाबून धरणारी स्प्रिंग वर्षानुवर्षे दबून थकते. टरेट मागे घेतले तरी नळी जागेवरच बसते आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर उडी मारते. लेथवर बॅकलॅश काढण्यासाठी स्लाइड नेहमी एकाच बाजूने आणतात, तसे चार-सहा क्लिक पुढे जाऊन परत आले की काम भागते. असा स्कोप कमी किमतीत घ्यायला हरकत नाही. ठोकल्यावर दर वेळी वेगळ्याच जागी बसणारा मात्र फुकटही नको.

काचेचे काम टॉर्चने उरकते. पुढून तिरपा प्रकाश टाकून मागून पाहिले की पावसाळ्यात धरलेली बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, आणि जोडलेल्या भिंगांमधला बाल्सम सुटला असेल तर कडेला इंद्रधनुषी डाग दिसतात. पुसण्याचे बारीक ओरखडे फारसे नडत नाहीत. आतली वाफ नडते.

पॅरॅलॅक्स वेगळा तपासावा. डोके किंचित हलवल्यावर क्रॉसहेअर कागदावर सरकले तर त्या अंतरावर स्कोप जुळलेला नाही. १०० यार्डांना कायम बांधलेला स्कोप २५ मीटरच्या बेंचरेस्टला निरुपयोगी. स्प्रिंगच्या एअर रायफलचा झटका आधी मागे आणि पिस्टन आदळताच पुढे बसतो; केवळ मागचा झटका गृहीत धरून बनलेले जुने स्कोप त्यावर टिकत नाहीत.

वीव्हरचा एल पासोचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाला. तिथल्या टी मालिकेला मूळ सुटा भाग मिळवायचा तर दुसरा तसाच स्कोप खोलावा लागतो. म्हणून परतीची मुदत विकणाऱ्याकडून लिहून घ्यावी आणि सात दिवसांपेक्षा कमी मान्य करू नये. सात दिवसांत एक गुरुवार येतोच.